पंखा काढून शांतता मिळत नाही

"अरे, घरात पिठाची गिरणी काढलीस की काय?"

आईचा हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातला. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती, पण कान मात्र तिखट. त्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी दीड हजार रुपयांना एक लोखंडी पेटी घरी आणली होती. कुठल्याशा बंद झालेल्या कार्यालयातली. रुंदी एकोणीस इंच, उंची जेमतेम पावणेदोन इंच, आणि पुढच्या बाजूला दोन ओळींत चोवीस चौकोनी भोके. मोठ्या हौसेने ती जिन्याखालच्या प्लायवूडच्या कपाटात ठेवली आणि बटण दाबले. क्षणभर काहीच झाले नाही. मग धावपट्टीवर विमान सुटावे तसा आवाज सुरू झाला. कपाटाचे दारसुद्धा थरथरू लागले. आईची खोली जिन्याला लागूनच आहे. "होईल हळूहळू कमी," असे मी तिला सांगितले. तो कमी झाला नाही.

या पेटीला नेटवर्क स्विच म्हणतात. स्विच म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिव्याचे बटण येते. त्याचा आणि याचा संबंध नाही. घरातले संगणक, टीव्ही, कॅमेरे तारांनी एकमेकांना जोडायचे तर मध्ये एक वाटपाचे ठिकाण लागते. पूर्वी या जागी हब नावाचे उपकरण असे. त्याचा कारभार चाळीत नव्याने आलेल्या पोस्टमनसारखा. चौकात उभा राहून त्याने "जोश्यांचं पत्र!" असे ओरडायचे, साऱ्या बिऱ्हाडांनी कान टवकारायचे, आणि ज्याचे असेल त्याने घ्यायचे. स्विच हा मुरलेला पोस्टमन. कोण कुठल्या दारामागे राहते हे तो एकदा पाहून ठेवतो आणि पत्र थेट त्याच दारात टाकतो. असा अनेक दारांचा पहिला इथरनेट स्विच १९९०च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आला. त्याला सात दारे होती. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचे. १९९४ साली सिस्को या बड्या कंपनीने ती विकत घेतली. आज जगभरच्या कार्यालयांत लुकलुकणाऱ्या या पेट्यांच्या वंशावळीत वरच्या बाजूला एक भारतीय गृहिणीचे नाव शोभावे असे नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आता कोणी म्हणेल, घरात कसले आले चोवीस दारांचे वाटप? प्रश्न रास्त आहे. आमचे घर चिंचवडला, खाली-वर मिळून सहा खोल्यांचे. २०२० सालच्या टाळेबंदीपासून मुलगी घरूनच नोकरी करते. वरच्या खोलीत बिनतारी इंटरनेट पोचता पोचता दमते, आणि महत्त्वाच्या बैठकीत नेमका हिचाच चेहरा पडद्यावर गोठतो. म्हणून तारा ओढल्या. तिचे टेबल, माझा संगणक, टीव्ही, वर-खाली बिनतारीची दोन यंत्रे, चोरीच्या भीतीने बसवलेले चार कॅमेरे आणि बाहेरून येणारी मुख्य तार, अशा दहा तारा झाल्या. कॅमेऱ्यांना वीजही त्याच तारेतून द्यायची होती. ही सोय २००३ साली प्रमाणित झाली, आणि कार्यालयी पेट्यांत ती असते. शिवाय कॅमेऱ्यांची वाहतूक आणि मुलीच्या कंपनीचे काम यांच्यामध्ये भिंत घालण्याचीही सोय हवी होती. हे सारे देणारी नवी पेटी घ्यायची तर दीड हजाराच्या कित्येक पट पैसे पडले असते.

तर ही पेटी ओरडत का होती? कारण ती माणसांच्या सहवासासाठी बनलेलीच नव्हती. कार्यालयात अशा पेट्या बंद खोलीत, लोखंडी मांडणीत एकावर एक रचून ठेवतात. त्या खोलीत कोणी झोपत नाही, कोणी पोथी वाचत नाही. जागा वाचावी म्हणून पेटीची उंची पावणेदोन इंच, म्हणून आतला पंखा चार सेंटिमीटरचा. एवढ्याशा पंख्याने पुरेशी हवा फेकायची तर त्याला बेफाम फिरावे लागते. मिनिटाला दहा हजार फेऱ्या हा त्याचा नेहमीचा वेग. सात पाती धरली तर सेकंदाला अकराशेहून अधिक वेळा हवेवर फटका बसतो, म्हणून घरघर न होता शीळ येते, आणि माणसाचा कान अशा शिळेला फार हळवा असतो. माझ्या पेटीत असे तीन पंखे होते. मोबाइलवरचे मापक काही सोनाराचा काटा नव्हे, पण एका मीटरवरून त्याने ५४ डेसिबल दाखवले. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोपण्याच्या खोलीत तीसच्या वर आवाज सतत नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सांगून ठेवले आहे. कायदा रस्त्यावरच्या भोंग्यांसाठी आहे. जिन्याखालच्या भोंग्याची तक्रार आईने कुठे करायची?

मी ओळखीच्या एका तरुण दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, सोपं आहे. पंख्यांच्या वायरी काढून टाका. मी सगळीकडे तेच करतो." मी पस्तीस वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढली आहेत. असा सल्ला ऐकून मला तिथल्या तिथे हसू यायला हवे होते. पण घरात सर्वांचे चेहरे पाहून मीही मोहात पडलो. वायरी काढल्या. घर एकदम निवांत झाले. आई म्हणाली, "बरं झालं बाई." दीड तासाने वरून मुलीची हाक आली, "बाबा, परत गेलं!" कपाट उघडून पेटीला हात लावला तो चटकाच बसला. पुढचा हिरवा दिवा केव्हाच पिवळा झाला होता. पेटी आपल्या परीने सांगत होती, पण कपाटाचे दार बंद असल्याने ते कोणी पाहिले नव्हते. मुकाट्याने वायरी जोडल्या. शीळ पुन्हा सुरू झाली.

या खेपेस मात्र आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मला वाटले, सवय झाली. आपल्या घरांत बऱ्याच गोष्टींचा निकाल याच वाक्याने लागतो. आठवड्याने रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर आई स्वयंपाकघरात फरशीवर सतरंजी टाकून झोपलेली. गुडघ्यांनी जेरीस आलेली बाई. खाली बसली की उठताना दोघांचा आधार लागतो. मी हाक मारताच तिने डोळे उघडले. म्हणाली, "अरे, पोरीची नोकरी आहे त्या यंत्रावर. तू एवढ्या हौसेने आणलंयस. मला काय, कुठेही झोप लागते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंख्याची वायर काढल्यावर पेटी गप्प झाली होती आणि आतून तापत होती. इथेही तेच चालले होते, आणि वायर मीच काढली होती. कारखान्यात चालते यंत्र अचानक गप्प झाले की आम्ही हातातला चहा टाकून धावत सुटायचो. घरातले माणूस गप्प झाले तेव्हा मी निश्चिंत झालो होतो.

पुढच्या शनिवारी पेटी उघडायला बसलो; मुलगीही शेजारी बसली. वीज काढली आणि आधी तासभर हात लावला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण हौशी माणूस इथेच फसतो. आपली घरची वीज २३० व्होल्टची, पण वीजपुरवठ्याच्या भागातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठतो, आणि वायर काढल्यावरही तो लगेच उतरेल याची खात्री नसते. झाकण काढले, तर आत धुळीची राखाडी वाकळ अंथरलेली. तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून वारा जायचा तो रस्ताच बुजला होता. मऊ ब्रशाने आणि फुंकणीने धूळ काढली. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, नाही तर ती भरमसाट फिरून बेअरिंगला इजा होते. चिपवरचा उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून नवा लावला. वीजपुरवठ्याच्या भागात दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. त्या कामाला मी हात घातला नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका जाणत्या कारागिराकडून ते बदलून आणले, १०५ अंश सोसणारे. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हे तिथेच उभ्या-उभ्या त्या कारागिराने मुलीला समजावले.

मग पंखे. हा खरा नाजूक भाग. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. पण हवाही निम्मीच येते. म्हणजे आवाज किती कमी करायचा हा प्रश्न नसून उष्णता किती आहे, हा प्रश्न आहे. माझ्या पेटीवर चोवीसपैकी दहाच तारा होत्या आणि तारेतून वीज घेणारे कॅमेरे फक्त चार. पूर्ण भार सोसण्यासाठी बसवलेला वारा आम्हांला लागतच नव्हता. म्हणून मंद पंखे चालण्याजोगे होते. हीच पेटी वीस-बावीस कॅमेऱ्यांना वीज पुरवीत असती, तर मी पंख्यांना हात लावला नसता.

पंख्याला तीन वायरी असतात. लाल विजेची, काळी परतीची, आणि तिसरी फेऱ्यांचा हिशेब देणारी. प्रत्येक कंपनी त्यांचा क्रम आपल्या मर्जीने लावते. तो तपासल्याशिवाय नवा पंखा जोडला तर पंखा तरी जातो नाही तर पेटी. पहिल्या खेपेस आणलेले पंखे इतके मंद होते की पेटीने ते बंदच पडले असे धरले आणि पिवळा दिवा लावला. अशा वेळी तिसऱ्या वायरीवर खोटा संकेत देऊन पेटीची समजूत काढण्याचीही युक्ती आहे. बरेचजण ती करतात. मी केली नाही. उद्या पंखा खरोखरच बंद पडला तर तो सांगणारा एकच साक्षीदार असतो. त्यालाच खोटे बोलायला लावायचे आणि मग निर्धास्त झोपायचे, हे मनाला पटेना. ते पंखे परत करून मिनिटाला सहा हजार फेऱ्यांचे, चांगल्या बेअरिंगचे तीन पंखे आणले. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्यांनी बसवले. पेटी कपाटातून काढून जिन्याखालच्या भिंतीवर, रबराच्या चकत्या घालून टांगली. प्लायवूडचे कपाट म्हणजे त्या थरथरीला मिळालेले तबल्याचे खोडच होते. मापक आता ३९ दाखवू लागले, आणि आईच्या खोलीचे दार लोटले की काहीच ऐकू येईना. कॅमेरे धरून साठ वॅट वीज खाणारी पेटी बावन्नावर आली. म्हणजे वर्षाला सत्तरेक युनिट वाचले.

आणखी एक काम राहिले होते. पेटीच्या पोटात त्या बंद पडलेल्या कार्यालयाची सारी मांडणी आणि परवलीचे शब्द तसेच होते. जुने कपाट विकत घ्यावे आणि खणात मालकाच्या घराच्या किल्ल्या सापडाव्यात, तसे. ते न वाचता पुसले, पेटीला नवा परवलीचा शब्द दिला, आणि तिची कारभाराची खिडकी बाहेरच्या इंटरनेटवरून उघडणार नाही असा बंदोबस्त केला. जुन्या यंत्रांना कंपनीकडून सुधारणा मिळणे थांबलेले असते, त्यामुळे हे घरच्यानेच पाहावे लागते. ही पेटी आतले तापमान सांगते. ते आठवडाभर रोज वहीत टिपले. पुढच्या मे महिन्यात, खोलीत पारा अडतीसवर असताना, पुन्हा टिपले. तेव्हा कुठे मी काम संपले असे मानले.

हे सारे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण, पैसे कसे वाचवले याची फुशारकी मारणे हे नव्हे. पंखे, रबर, कपॅसिटर आणि कारागिराची मजुरी मिळून पेटीच्या किमतीहून अधिक खर्च झाला. ज्याला पाच-सहा तारांपुरते काम आहे त्याने असला खटाटोप मुळीच करू नये. पाच किंवा आठ दारांच्या लहान पेट्यांत बहुधा पंखाच नसतो. त्या चार-पाच वॅटवर भागवतात आणि जुन्या बाजारातही मिळतात. स्वस्तात मिळते म्हणून हत्ती बांधू नये. साठ वॅटची पेटी वर्षभर चालली तर सव्वापाचशे युनिट वीज खाते, हा हिशेब खरेदीच्या आधी करायचा असतो. मी तो नंतर केला.

पण ज्यांची गरज मोठी आहे त्यांनी जुनी वस्तू घ्यावी, असेच माझे मत आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. बाकीचा कुठे जातो ते आपण रोज नाल्याकाठी पाहतो. धूळ, वाळलेला लेप आणि दोन फुगलेले कपॅसिटर एवढ्यासाठी जी पेटी भंगारात जाते, ती आणखी दहा वर्षे चालू शकते. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या वस्तू नव्या करणाऱ्यांनाही नोंदणीचे स्थान मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. मात्र 'नवी केली' या शब्दाचा अर्थ काय धरायचा, हे ग्राहकाने ठरवायला हवे. पुसून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिली की वस्तू नवी होत नाही. विकणाऱ्याने तिचा आवाज किती, वीज किती, आतले आधीचे काही पुसले की नाही, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. बनवणाऱ्याने निदान पंख्याच्या वायरींचा क्रम आणि बदली पंख्याचे माप छापावे. चार सेंटिमीटरच्या पंख्यात कसले आले व्यापारी गुपित?

आणि आपण, घरात वस्तू आणणाऱ्यांनी? यंत्र चालू झाले की दुरुस्ती झाली, असे मी आयुष्यभर मानत आलो. कारखान्यात ते खरेही होते. घरात ते अर्धेच खरे आहे. ते ज्यांच्या उशाशी चालणार त्यांना ते सोसते आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय घरातली दुरुस्ती पुरी होत नाही. आणि नुसते पाहूनही भागत नाही, विचारावे लागते. कारण आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आई-आजींना, सोसत नसलेल्या गोष्टीला 'चालेल' म्हणण्याची फार जुनी सवय आहे.

आई आता पुन्हा आपल्या खोलीत झोपते. पेटी भिंतीवर टांगली त्या रात्री मी तिच्या पलंगावर जाऊन आडवा झालो, दिवा मालवला आणि पाच मिनिटे कान देऊन पडून राहिलो. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. मग तिला बोलावून विचारले, "आता खरं सांग, ऐकू येतंय का?"

ती थोडा वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "यंत्राचं नाही येत. पण तो वरचा पंखा करकरतोय, तो चार वर्षं करकरतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी काढली.